फटफटीची धूळ आणि रेणापूरचा पानमळा

मी गाडी रोज धुवायचो. हे कऱ्हाडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे सकाळी संगमावर माणसं, म्हशी आणि मोटारसायकली एकाच पाण्यात उतरतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मराठवाड्यात, विष्णुपुरीच्या कॉलेजात, वर्कशॉपमध्ये नोकरी लागली तेव्हा ही सवय मी सामानाबरोबर इकडे आणली. वर धरणाचं काम चालू होतं, खाली गोदावरी आटून तिचे डोह उरले होते, तरी गाडीपुरतं पाणी मला एका डोहात मिळायचं. काठावर घागरी घेऊन उभी असलेली माणसं माझ्याकडे बघत राहायची. ती कौतुकाने बघतात असा माझा समज होता.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. शेजारी लातूर नुकताच जिल्हा झाला होता, आणि तो नवा जिल्हा एकदा बघून यावा असं माझ्या मनात होतं. वर्कशॉपमधला माझा जोडीदार शिवलिंग रेणापूरकडचा. त्याला परीक्षेच्या कामातून रजा मिळत नव्हती. मी लातूरला निघालोय म्हटल्यावर तो प्लॅस्टिकचे दोन मोठे कॅन घेऊनच आला.

"एवढे आमच्या आप्पांना नेऊन दे," तो म्हणाला. "आणि वेल जिवंत हायत का ते डोळ्यानं बघून ये. आप्पा निरोपात सगळं बेस हाय म्हणतेत. त्यांचं काही खरं नसतंय."

वेल म्हणजे नागवेलीचे. शिवलिंगच्या घरचा पानमळा आजोबा-पणजोबांपासूनचा. दुष्काळात तो सगळा वाळला होता, पण विहिरीलगतची एक ओळ त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, हाताने पाणी घालून जगवली होती. ती बेणं (पुढच्या लागवडीसाठी राखलेले वेल) म्हणून ठेवायची होती. मृगापर्यंत ती ओळ तगली, की तिच्याच फांद्या तोडून मळा पुन्हा उभा करता येणार होता. ती गेली, की घरचं पान संपलं. विकतचं बेणं आणून लावता येतं, पण आप्पांना ते आपलं वाटणार नाही, असं शिवलिंगने मला दोनदा सांगितलं.

मी निघायच्या सकाळी गाडी नेहमीसारखी डोहात घालून धुतली, कॅन मागच्या सीटला बांधले आणि लोह्याचा रस्ता धरला.

लोह्याला पोचेपर्यंत गाडीचा निळा रंग गेला होता. रस्त्याची माती इतकी बारीक की ती उडत नाही, नुसती हवेत उभी राहते आणि माणूस तिच्यातून जातो. चहाच्या टपरीवर थांबलो आणि फडकं काढून टाकी पुसायला लागलो. शेजारी एक दूधवाला आपल्या फटफटीला टेकून चहा पीत होता. दुधाच्या किटल्या लख्ख होत्या आणि फटफटी मात्र मातीत घडवल्यासारखी दिसत होती.

"मामा, गाडी किती दिवसांनी धुता?" मी विचारलं.

"दिवसांनी?" तो हसला. "वर्साला एकदा. खंडेनवमीला. कुऱ्हाड, कोयता, पाभर समदं धुतो, त्यात हिला बी धुतो. हळदीकुंकू लावतो. मंग पुढच्या सालापर्यंत तिचं ती बघती."

मला हे उत्तर फार आवडलं. तिथून पुढे जो भेटेल त्याला हाच प्रश्न विचारायचा असं मी ठरवून टाकलं. प्रवासात एखादा चाळा लागतो तसा तो लागला. आणि खरं सांगायचं तर त्यात थोडा तोराही होता. रोज गाडी धुणारा मी, आणि वर्षातून एकदा धुणारे हे.

माळाकोळीच्या पुढे माळरान सुरू झालं. लिंबाची झाडं तेवढी हिरवी, बाकी सगळं एका रंगाचं. अहमदपूरला नाश्त्याला थांबलो. इथे सुशीला नावाचा पदार्थ मिळतो (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, फोडणी घालून केलेला उपमा). पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कुणा बाईंचं नाव वाटलं होतं. हॉटेलवाल्याने ताटली पुढे ठेवली आणि म्हणाला, "जरा कोरडीच हाय बरं का. चुरमुरे भिजवायला बी पाणी लागतंय." पाणी मागितल्यावर त्याने अर्धा पेला दिला, आणि मी पिऊन होईपर्यंत पेल्यासाठी समोर उभा राहिला.

तिथे एक गुरांचा डॉक्टर भेटला. त्याचा गावोगाव फिरण्याचा धंदा, म्हणून त्यालाही विचारलं.

"सासुरवाडीला जायचं असलं तर," तो एकदम गंभीरपणे म्हणाला. "तेही पाण्यानं न्हाई. रॉकेलचं फडकं मारायचं. चमकती बी, आणि बायकू बी कुरकुर करत न्हाई."

"किती वेळा जाता सासुरवाडीला?"

"बायकू म्हणती तेवढ्या वेळा न्हाई," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही मोठ्याने हसलो. निघताना त्याने डिकीतलं रॉकेलचं फडकं काढून मला देऊ केलं. मी नको म्हणालो. रॉकेलने रंग जातो, असं ज्ञानही त्याला ऐकवलं.

चाकूरच्या पुढे मागच्या चाकाला काटा लागला. पंक्चरवाला ट्यूब बुडवून बघायला घमेलं शोधत बसला. त्याच्या घमेल्यात तळाशी बोटभर काळं पाणी होतं. ट्यूबचा थोडा थोडा भाग त्यात फिरवत त्याने छिद्र शोधलं, आणि काम झाल्यावर घमेल्यावर पाटी झाकून ठेवली. एवढं काळं पाणी झाकून ठेवलेलं मी आधी कुठे पाहिलं नव्हतं. मला त्याची गंमत वाटली.

लातूर दुपारी लागलं. नवा जिल्हा म्हणजे काय, तर पाट्या. जागोजाग उस्मानाबाद पुसून त्यावर लातूर रंगवलं होतं, आणि काही ठिकाणी खालचं नाव वरच्या नावातून डोकावत होतं. नव्या कचेऱ्या भाड्याच्या घरांत बसल्या होत्या. दुष्काळाच्या कामांमुळे रविवारीही उघड्या असलेल्या अशाच एका कचेरीपुढे मोटारसायकलींची रांग उभी होती आणि मी ती हौसेने बघत फिरलो. एकही गाडी धुतलेली नव्हती. सगळ्यांची फक्त सीट आणि नंबराची पाटी पुसलेली. एकीच्या टाकीवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने 'जिल्हा' असं लिहिलं होतं. तिचा मालक आला, खिशातून रुमाल काढला, सीट पुसली, टाकीवरच्या अक्षरांकडे बघितलं आणि ती तशीच ठेवून बसला.

"पुसलं नाहीत?" मी विचारलं.

"असू द्या की," तो म्हणाला. "जिल्हा तर आला. पाणी यील तवा धुऊ."

रेणापूरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. शिवलिंगचं घर गावाबाहेर, मळ्यातच. आप्पा अंगणात बाजेवर बसले होते. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, आणि अंगापेक्षा मोठं वाटणारं धोतर. कॅन बघून त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला. एक कॅन उचलून त्यांनी त्याच्या बुडावर टिचकी मारून बघितली.

"शिवलिंगानं धाडले? बेस केलं. पत्र्याचे डबे गळून राहिले होते." मग आत आवाज दिला, "अगं, पाव्हणे आलेत. कुठलं, कऱ्हाडचं गाव म्हणे त्यांचं. किस्नेच्या काठचे हायत!"

शिवलिंगची आई, सगळ्यांची अव्वा, बाहेर आल्या. त्यांनी तांब्याभर पाणी दिलं. मी ते प्यालो आणि उरलेलं, आपल्याकडच्या सवयीने, पायांवर ओतलं. अव्वांची नजर जमिनीवर गेली, जिथे ते पाणी एका क्षणात जिरलं.

मग आप्पांनी मला अनवाणीच नेऊन ती ओळ दाखवली. वाळलेल्या शेवरीच्या खांबांच्या रांगा, त्यांना गुंडाळलेल्या वेलांच्या काड्या, आणि त्या सगळ्याच्या टोकाला विहिरीलगत एक हिरवी ओळ. पानं लहान होती, पण हिरवी होती. हवेत पानांचा तिखट वास होता. आप्पा एकेका वेलाला हात लावत चालले होते. विहिरीत डोकावलो तर तळाशी खडक आणि एका कोपऱ्यात ओल. तिथे रात्रभर झरा पाझरायचा, पहाटे दोन घागरी भरायच्या, आणि त्या दोन घागरी या ओळीला. घरच्या पिण्यासाठी टँकर होता, तो येईल तेव्हा येई.

"मृगापर्यंत तगतील का?" मी विचारलं.

"तगतील की. त्यास्नी ठावं हाय, आपल्याशिवाय मागं कुणी न्हाई," आप्पा म्हणाले.

संध्याकाळी येसराची आमटी आणि ज्वारीच्या भाकरी होत्या. (येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेलं पीठ.) जेवण फार चांगलं होतं, मी मोकळा झालो होतो, आणि दिवसभराच्या गमती सांगत होतो. दूधवाल्याची खंडेनवमी, डॉक्टरांची सासुरवाडी. आप्पा मनापासून हसत होते. समोर त्यांची स्वतःची जुनी फटफटी उभी होती. तिच्यावरून ते पूर्वी पानांची करंडी घेऊन बाजार करायचे. तिच्याकडे बोट दाखवून मी विचारलं, "मग आप्पा, तुम्ही गाडी कधी धुता?"

आप्पांचं हसू थोडं कमी झालं. त्यांनी आपल्या गाडीकडे बघितलं, मग माझ्या गाडीकडे बघितलं. तिच्यावर लोह्यापासून लातूरपर्यंतची सगळी माती बसली होती.

"धुऊ की," ते म्हणाले. "धुऊ."

मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी तिसरी भाकरी घेतली.

सकाळी उठून बाहेर आलो तर अंगणात माझी गाडी उभी होती, आणि ती निळी होती. चाकाचा आरा न् आरा, मडगार्डची आतली बाजू, जिथे मीही रोज हात घालत नाही, ते सगळं धुतलं होतं. हँडलला हळदीकुंकवाची बोटं लावली होती. मला इतका आनंद झाला की मी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ओरडलो, "आप्पा, कमाल केलीत! अशी तर मलाही धुता येत नाही!"

आप्पा ओसरीवर बसून लाजल्यासारखे हसले. "पाव्हण्याची गाडी हाय," एवढंच म्हणाले.

तोंड धुऊन मी पुन्हा मळ्याकडे गेलो. विहिरीलगतच्या त्या ओळीची माती कोरडी होती. काल संध्याकाळीही ती कोरडीच होती, पण पहाटे पाणी घालतात असं आप्पांनीच सांगितलं होतं. मी परत येऊन विचारलं, "आज वेलांना पाणी घालायचं राहिलं का?"

"आज सोमवार न्हवं का," आप्पा म्हणाले. "आमचा उपास असतोय. आज वेलाचा बी उपास."

मी हसणार होतो. तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या अव्वांकडे माझं लक्ष गेलं. त्या हसत नव्हत्या.

"त्याचं असं हाय, बाबा," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या सासऱ्याच्या टायमाला पाव्हणा बैलगाडीनं यायचा. त्याचे बैल धुवायचे, शिंगाला त्याल लावायचं आन् मंगच वाटं लावायचं. बैल तसेच परत गेले तर घराचं नाव जातंय. आता बैल गेले, फटफटी आली. तुमी काल ईचारलं, तवा ह्यांच्या मनाला लागलं. म्हणले, पाव्हण्यानं सोताच्या तोंडानं काढलं, आता राहू कसं द्यायचं?"

दोन्ही घागरी ओसरीच्या कोपऱ्यात पालथ्या होत्या. वाटेत इतक्या लोकांना तोच प्रश्न विचारत आलो होतो आणि सगळ्यांनी तो गंमत म्हणून घेतला होता. ज्याच्या दारात मी पाहुणा होतो, त्या एकाला मात्र तो गंमत म्हणून घेता येणार नव्हता, आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला स्वतःची अतिशय लाज वाटली.

"मी पाणी आणतो," मी म्हणालो. आप्पा नको नको म्हणत असताना ते नवे कॅन गाडीला बांधले आणि गावात गेलो.

टँकर शाळेपाशी यायचा होता. घागरी, हंडे, डबे, फुटक्या माठाचं बूड, असं काय काय रांगेत मांडून बाया सावलीला बसल्या होत्या. मी गाडी लावली आणि कॅन रांगेच्या शेवटी ठेवले. एक म्हातारी उठली, गाडीपाशी आली आणि टाकीवरून हात फिरवून तळवा बघितला. तळव्याला धूळ लागली नव्हती.

"कुठून आलाव?" तिने विचारलं.

"विष्णुपुरीहून. आप्पांकडे, पानमळ्यात उतरलोय."

"गाडी धुतलेली दिसती."

"हो, म्हणजे मी नाही धुतली. आप्पांनी—"

"फटफटीला आंगूळ घालायला पाणी हाय तुमच्यापाशी," मागून एक बाई म्हणाली, "आन् हितं रांगंत कॅन लावायलाव?"

"माझ्या लेकीनं चार रोज झालं डोस्क्यावरून पाणी घेतलं न्हाई," दुसरी म्हणाली. हे ती माझ्याकडे बघून नाही, शेजारणीकडे बघून बोलली.

मी समजावायचा प्रयत्न केला. वेलांसाठी आहे म्हणालो, बेणं राखायचं आहे म्हणालो. पण ती निळी गाडी माझ्या शेजारी उन्हात अशी चमकत होती की माझंच बोलणं मला खोटं वाटायला लागलं. कुणी भांडलं नाही. टँकर आला तेव्हा सगळ्या जणी पुढे सरकल्या आणि माझे कॅन होते तिथेच राहिले. शेवटी नळी गळायला लागली तेव्हा त्या म्हातारीनेच एक कॅन तिच्याखाली धरला. "आप्पा भला माणूस हाय. एवढं न्या," ती म्हणाली. कॅनच्या तळाशी पाणी हलत होतं.

तेवढं घेऊन परत आलो. आप्पांनी ते ओंजळीओंजळीने ओळीला घातलं, आणि ते अर्ध्या ओळीपर्यंतही पुरलं नाही. दुपारी वारा सुटला, पश्चिमेकडून, भट्टीसमोर उभं राहावं तसा. संध्याकाळपर्यंत पानांच्या कडा आत वळल्या होत्या. पहाटे झरा भरेल, मग बघू, असं आप्पा म्हणत राहिले. मीही तेच म्हणत राहिलो.

पहाटे आप्पा विहिरीवर गेले. मी त्यांच्या मागे गेलो. त्यांनी पोहरा खाली सोडला, तो खडकावर आपटल्याचा आवाज आला. पुन्हा सोडला, ओढून वर काढला, त्यात चिखल होता.

"मिटला," आप्पा म्हणाले.

त्या झऱ्याच्या शेवटच्या दोन घागरी माझ्या गाडीला लागल्या होत्या. आप्पांनी हे मला बोलून दाखवलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही कधी नाही. त्यांनी ओळीतून जेवढी पानं बरी होती तेवढी खुडली, ओल्या फडक्यात बांधली आणि माझ्या हातात दिली. "शिवलिंगाला द्या. म्हणावं, घरचं हाय," ते म्हणाले. अव्वांनी वाटेसाठी धपाटे दिले. मी दोघांच्या पाया पडलो. आप्पांनी पाठीवरून हात फिरवला, आणि गाडी लांब जाईपर्यंत ते रस्त्यावर उभे होते.

परतीच्या रस्त्यावर मी कुणाला काही विचारलं नाही. चाकूरपर्यंत गाडीचा निळा रंग झाकला गेला, अहमदपूरपर्यंत हळदीकुंकूही दिसेनासं झालं. फडकं डिकीत होतं, ते काढावंसं वाटलं नाही. विष्णुपुरीला पोचलो तेव्हा डोहाच्या काठाला माणसं घागरी घेऊन बसली होती. ती आधी माझ्याकडे का बघत होती, ते आता मला कळत होतं.

शिवलिंगने फडकं सोडून पानं बघितली. वळलेल्या कडा त्याने बोटाने सरळ केल्या. मी त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता.

"मी तुला सांगायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "गाडी बाहेर ठेव, आत नेऊ नको, त्यांच्यापुढं तिचं नाव काढू नको, असं सांगायला पाहिजे होतं. मला ठावं हाय की त्यांचा स्वभाव." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आणि झरा तसाही मिटणारच होता. कशाला मनाला लावून घेतोस?"

हे तो माझ्यासाठी म्हणाला. झरा मिटणार होता हे खरं असेलही. पण त्या दोन घागरी मिळाल्या असत्या तर ओळीला आणखी एक दिवस मिळाला असता, आणि त्या दिवशी कुठून तरी काही तरी झालं असतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. आता गाडी मीही खंडेनवमीलाच धुतो. कऱ्हाडला आलो की मित्र चेष्टा करतात, मराठवाड्यात राहून आळशी झालास म्हणतात. मी त्यांना काही सांगत नव्हतो, म्हणून हे लिहिलं.

मृगात पाऊस झाला, उशिरा पण झाला. शिवलिंग पेरणीसाठी घरी गेला. तो परत आल्यावर काही दिवस मी विचारायचं टाळलं, मग एकदा विचारलंच.

"मळ्यात ज्वारी पेरली," तो म्हणाला. "पाऊस बरा झालाय. येईल."

"आणि आप्पा?"

तो हातातला स्पॅनर पुसत राहिला. त्यांच्याकडे पानमळ्यात पायताण घालून कुणी पाऊल टाकत नाही, तो म्हणाला. पाटील आला तरी चपला बांधाबाहेर काढतो. आप्पांना त्या तुकड्यात त्याने जन्मात कधी चपलेत पाहिलं नव्हतं.

"या वेळी पाभरीच्या मागं चपला घालून चालत होते," तो म्हणाला. "मी म्हटलं, आप्पा, चपला. तर म्हणाले, आता घालायला हरकत न्हाई."